लेकीचा हात

९ जानेवारी

आज पुन्हा सिस्टरनेच हात दिला.

धुतलेल्या चादरी द्यायला थिएटरपाशी गेले होते. देऊन झाल्या, तरी काचेशी उभी राहिले. सिस्टरने हातमोजा चढवला, तळवा वर केला. यंत्राने आपला लांब लोखंडी हात खाली आणला — हळू, दबकत, पाखरू दाण्यावर उतरतं तसा. टोक तळव्याला टेकलं. सिस्टर म्हणाली, "लागला." आणि भिंतीवरच्या भोंग्यातून माझ्या लेकीचा आवाज — "छान. ताई, हात आखडलास आज. झोपली नाहीस ना?" मग दोघी हसल्या.

माझी लेक सर्जन. ती तिकडे समुद्राकाठच्या शहरात पडद्यापुढे बसते. आम्ही इकडे बर्फात, या खाणवस्तीच्या इवल्याशा दवाखान्यात. थंडीभर रस्ता बंद. ती तिकडे बोटं हलवते आणि इकडे यंत्राचे हात माणसाच्या पोटात काम करतात. मधे तारसुद्धा नाही, नुसती हवा, आणि डोंगरमाथ्यावरचा टॉवर. तिकडची हालचाल इकडे पोचायला किती उशीर होतो त्याचा आकडा यंत्रावर उमटतो म्हणे. पण माझ्या लेकीचा आकड्यावर भरवसा नाही. आधी माणसाच्या तळव्यावर टेकवायचं, माणसाने "लागला" म्हणायचं, मगच सुरी चालवायची. याला इथे 'हात देणं' म्हणतात.

हातमोज्यातला हात कुणाचाही सारखाच दिसतो. मग माझा का नको?

कपडेखोलीतल्या बाईला कोण विचारतं म्हणा. फाटलं की मी आठवते.

१० जानेवारी

दुकानदाराची बायको शुद्धीवर आली. काल लेकीने तिचे पित्ताचे खडे काढले. ते बाटलीत घालून येईल-जाईल त्याला दाखवतेय, जसे काही माहेरचे मोती. मला म्हणते, "तुमच्या मुलीचा हात किती हलका हो, मावशी!"

माझ्या मुलीचा हात कसा आहे हे आता हिच्याकडून ऐकायचं.

लेकीला भेटून दोन उन्हाळे उलटले. तेवढ्यात तिने निम्म्या वस्तीची पोटं आतून पाहिली. खाणीतला मुकादम, त्याचा भाऊ, ती भांडकुदळ शिंपीण — सगळ्यांना तिचा हात लागला. राहिले कोण, तर मी. आणि टॉवरवाला. पण त्याला त्याचं दुःख नाही.

१५ जानेवारी, रविवार

फोन आला. "आई, जेवलीस? गुडघा कसा आहे?"

आमचं बोलणं पोचायला एक आवंढा गिळण्याइतका वेळ लागतो. मग दोघी एकदम बोलायला लागतो, आणि दोघी एकदम गप्प होतो. सिस्टरशी बोलताना तिचं असं होत नाही. त्या दोघींना सवय झालीय एकमेकींची वाट बघायची.

"उन्हाळ्यात येशील ना?" विचारलं. "बघू गं." मग म्हणते, "ताई म्हणत होती, तुला खोकला झालाय?"

म्हणजे माझा खोकलासुद्धा सिस्टरच्या हातून जातो तिकडे.

सिस्टर वाईट आहे असं नाही, तसं लिहिलं तर माझीच जीभ झडेल. गेल्या महिन्यात गुडघा धरला तेव्हा गरम पाण्याची पिशवी घेऊन बर्फातून आली होती बिचारी. पण चांगल्या माणसाचा हेवा करणं फार जड जातं. वाईट माणसाचा कसा बिनघोर करता येतो.

टॉवरवाला दुपारी चहाला आला. माझं तोंड बघून म्हणाला, "मावशी, बर्फ पडतो माझ्या टॉवरच्या तबकडीवर. तुमच्या तोंडावर कशाला साठलाय?"

म्हटलं, "चहा पी आणि वर जा."

२४ जानेवारी

आज मी एक उद्योग केला. लिहू की नको करत होते. पण ही वही कोण वाचणार? शाळेचं तोंड न बघितलेली बाई मी, औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं लावत लावत शिकले. माझ्या अक्षराला अजून खोक्यासारखे कोपरे आहेत. कुणी उघडली तरी लागायची नाही.

तर — डॉक्टरांना जाऊन म्हणाले, पोटात दुखतंय. उजवीकडे, वर. दुकानदाराच्या बायकोला जिथे दुखत होतं, तिथेच.

आमचे डॉक्टर तरुण आहेत. ताप-खोकला बघतात, भूल देतात. पोट उघडायचं काम त्यांचं नाही. "लागल्यास मॅडमना विचारू," म्हणाले. माझा जीव सुपाएवढा झाला. मॅडम म्हणजे माझीच लेक. उद्या तपासायचं ठरलंय.

२५ जानेवारी

फजिती झाली.

यंत्र नुसतं उभं होतं कोपऱ्यात, खोळ घालून. तपासायला ते लागतच नाही. पोटावरून ती फोटो काढायची दांडी फिरवायची असते, आणि ती कुणी फिरवली? सिस्टरने. तिचाच हात माझ्या पोटावर! लेकीने तिकडे नुसती चित्रं बघितली.

"आई, पोट तर तुझं एखाद्या मुलीसारखं आहे. कुठे दुखतंय नेमकं?"

"तिथेच."

"कधीपासून?"

तू गेलीस तेव्हापासून, असं ओठांवर आलं होतं. म्हणाले, "परवापासून."

मग — "गॅस असेल. आणि आई, ताईला उगीच धावपळ नको गं. दोन पेशंट आहेत तिच्याकडे."

तोंडात मारल्यासारखं झालं. सिस्टरने सगळं ओळखलं होतं. पोट पुसलं, पांघरूण घातलं, पायांकडून नीट खोचलं. चार शब्द बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

३१ जानेवारी

लेकीने आज मुकादमाच्या पुतण्याचा हर्निया केला. मी काचेपाशी गेले नाही. कपडेखोलीत बसून फाटक्या गाऊनांना टाके घातले. टाके वाकडे गेले. उसवले, परत घातले.

१३ फेब्रुवारी

सिस्टर कपडेखोलीत आली आणि चादरींच्या गठ्ठ्यावर वाकून उभी राहिली. तोंड पांढरंफटक. "काय झालं?" विचारलं.

"काही नाही काकू. पोटात जरा मुरडा आलाय. गॅस असेल. डॉक्टरांना सांगू नका हं. उद्या मॅडमचं ऑपरेशन आहे, मी नसले तर हात कोण देणार?"

मला खरं वाटलं नाही. मनात म्हटलं, अगं बाई, ही तर माझीच युक्ती! आता ही पोट धरून बसणार, लेकीला तिकडे कळणार, मग "ताई, काय झालं? ताई, झोप बघू आधी." माझ्या दुखण्याला गॅस, हिच्या दुखण्याला लाड.

मी म्हणाले, "मलाही झालं होतं तसं. आपोआप जातं."

कसं म्हणाले ते माझं मला ठाऊक. तिने माझ्याकडे पाहिलं. "हो ना," म्हणाली, आणि भिंतीला धरून गेली.

डॉक्टर समोरच्याच खोलीत होते. मी चादरींच्या घड्या घालत बसले.

१४ फेब्रुवारी

रात्र फार झालीय. तरी आजच लिहायचं.

सकाळी सिस्टर थिएटरात औजारं मांडताना कोसळली. डॉक्टरांनी पोटाला बोट लावलं तर किंचाळली — ती बाई, जिला मी कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नाही. अपेंडिक्स. फुटायच्या बेतात. डॉक्टर म्हणाले, "काल का नाही कुणी सांगितलं?"

मी खाली पडलेली औजारं गोळा करायला वाकले.

आजचं ठरलेलं ऑपरेशन लांबलं, तिचं आधी. खाली न्यायला रस्ता नाही. हेलिकॉप्टर वाऱ्यामुळे येत नाही. उरली माझी लेक आणि ते यंत्र. डॉक्टर भूल देऊन डोक्याशी बसणार. दुसरी नर्स थंडी सुरू व्हायच्या आत बाळंतपणाला माहेरी गेलेली. आया आहे, ती रक्त बघून आडवी होते. टॉवरवाला वर डोंगरावर.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मावशी, हात धुवा. कोपरापर्यंत."

मीच शिवलेला गाऊन मला घातला. हातमोजे चढवले. टेबलावर सिस्टर, डोळे मिटलेली. वरून भोंगा बोलला —

"हाताला कोण आहे?"

"मी."

आवंढा गिळण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

"आई?"

"हो."

मग अगदी डॉक्टरीणबाईंचा आवाज — "तळवा वर कर. सैल सोड. टेकलं की लगेच बोल. आधी नाही, नंतर नाही."

यंत्राचा हात उतरला आणि माझ्या तळव्याला टेकला.

काय सांगू! लोखंडच ते, गारढोण. पण टेकणं तिचं होतं. किती बेताचं — झोपलेल्या मुलाचा ताप बघावा तसं. मी "लागला" म्हणाले आणि मला आनंद झाला. लिहिताना लाज वाटते. हाताच्या अंतरावर सिस्टर मरणाच्या दारात, आणि मला आनंद झाला — आज माझा हात धरला, माझा!

"फार उशीर होतोय," लेक म्हणाली. "तबकडीवर बर्फ असणार. अशी सुरी चालवायची नाही मी. झाडायला सांगा."

डॉक्टरांनी वॉकीटॉकी उचलला. टॉवरवाला वाऱ्यातून ओरडत होता, "झाडतोच आहे! वारा मला खाली झाडतोय! मावशींना म्हणावं, चहा उकळत ठेवा, पोचलो तर पिईन!"

परत हात दिला. परत उशीर. परत थांबलो. आणखी एकदा. मग लेक म्हणाली, "आता बरं आहे. सुरू करते."

यंत्राचे दोन हात बारीक भोकांतून सिस्टरच्या पोटात गेले. एक बाहेरच ठेवला होता, माझ्या तळव्यासाठी. आतलं सगळं पडद्यावर दिसत होतं. मला वाटलं होतं बघवणार नाही, पण बघवलं. इतकं स्वच्छ काम. कुठे घाई नाही, हिसका नाही. हात किती स्थिर — समोर समई असती तर ज्योत हलली नसती. माझ्या पोटची पोर, म्हटलं. कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हटलं.

आणि मधेच सगळं थिजलं.

पडदा गोठला. यंत्राचे हात पोटात होते तिथेच थांबले. संपर्क तुटला की त्याने थिजूनच जायचं असतं, तसंच शिकवलंय त्याला. डॉक्टर म्हणाले, "कुणी कशाला हात लावू नका." आम्ही उभे. भोंग्यातून नुसती खरखर. सिस्टरचं पोट वर-खाली होत होतं, त्यात ते दोन लोखंडी हात.

तिथे उभं राहून मला कालच्या घड्या आठवल्या. एकावर एक, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

किती वेळ गेला कळलं नाही. मग खरखरीतून आवाज — "आई, हात."

तळवा वर केला. या वेळी माझ्यासाठी नव्हता. मी मनात म्हणत होते, टेक गं बाई, वेळेवर टेक, तिच्यासाठी टेक.

टेकला.

"लागला."

"हं. बरोबर."

अपेंडिक्स निघालं. फुटलेलं नव्हतं. अजून एक दिवस गेला असता तर — डॉक्टर एवढंच म्हणाले.

१५ फेब्रुवारी

सिस्टर शुद्धीवर आली. मी चमच्याने पाणी पाजत होते. तिला सांगून टाकलं — मला वाटलं, तुम्ही सोंग करताय.

"ठाऊक होतं काकू. तुम्ही बोललात तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं सोंग मी कुठे बोलले?" आणि हसली. हसताना टाके ओढले गेले, कळवळली. मग मीच तिला दटावलं, हसायचं नाही म्हणून.

२० फेब्रुवारी

आता लेकीचा फोन रोज येतो. रविवारची वाट बघावी लागत नाही. आधी "ताई कशी आहे?", मग "ताईने खाल्लं?", मग "ताप?". सगळं सांगून झालं की — "आणि तू?" मी आपली शेपटाला.

पण एक आहे. आता सिस्टरची खबर माझ्या हातून जाते. त्यात मी थोडं मीठमसाला घालते. काल सांगितलं, सिस्टर तुझ्या आईशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही. तसं दुसरं कुणी भरवायलाच नाही, ते सांगितलं नाही.

२ मार्च

सिस्टर हिंडू-फिरू लागली. सकाळी तिच्या खोलीत गरम सूप घेऊन गेले. दार लोटलेलं होतं, ती फोनवर बोलत होती. "अजून नाही सांगितलंस? त्यांना कळलंच पाहिजे गं. मी किती दिवस तोंड बंद ठेवू?" मला बघितलं. फोन खाली ठेवला.

"कुणाला काय कळलं पाहिजे?" मी विचारलं.

"काकू, ते तिनेच सांगायला हवं."

सूप ठेवून निघून आले. जे बरं होत आलं होतं ते सगळं परत उसवलं. आईला माहीत नाही आणि ताईला माहीत आहे! असं काय असेल? लग्न जमवलंय? परस्पर जावई आणलाय? की तिकडेच कायमची राहणार, म्हणून उन्हाळ्यात येत नाही?

टॉवरवाल्याला आडून विचारलं. म्हणाला, "मावशी, मी बर्फ झाडतो. बातम्या झाडत नाही."

१२ मार्च, रविवार

सरळच विचारलं. "माझ्यापासून काय लपवतेस?"

आवंढा गिळून झाला, दुसरा गिळून झाला. खिडकीतून टॉवर लख्ख दिसत होता. तबकडीवर कणभर बर्फ नव्हता. आजचा उशीर तिचा होता.

"रस्ता उघडला की येते, आई. आल्यावर सांगते."

"सांगायला यायला लागतं? सिस्टरला तर फोनवर सांगितलंस."

"तिला सांगावंच लागलं."

फोन मीच ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा.

१८ एप्रिल

रस्ता उघडला. परवा येतेय.

खोली झाडली. तिची गादी उन्हात टाकली. चहाचे चांगले कप काढले. जावई असेल तर असू दे — एक जास्तीचा कपही काढला. सिस्टर म्हणाली, "मी गाडीपाशी जाऊ का, काकू, की तुम्ही?" मी म्हणाले, "तुम्ही मागून या." उगाच मोठेपणा कशाला. दोन उन्हाळे वाट बघितलीय, पहिली मिठी माझी.

२० एप्रिल

आली. एकटीच. मिठी मारली ती मी. तिने हात खिशातून काढले नाहीत.

घरात चहा दिला तर "ठेव" म्हणाली. निवत चालला म्हणून मी कप तिच्या हातात दिला. दोन्ही हातांनी धरला, तरी बशी वाजायला लागली. चहा तिच्या मांडीवर, जमिनीवर. तिचे हात थरथरत होते. मनगटापासून, दोन्ही. दोन वर्षं झाली म्हणाली.

"यंत्र थरथर गाळून टाकतं, आई. तिथे बसले की हात पूर्वीसारखे होतात. पण कधी तेही गाळू शकलं नाही तर? म्हणून आधी ताईच्या तळव्यावर टेकवते. जरा जरी हललं तर ताई 'लागला' म्हणणार नाही. मग मी थांबायचं, तेव्हाच आणि कायमचं. असं ठरलंय आमचं."

सिस्टर दारात उभी होती. तिच्याकडे बघवेना.

दुसरा कप भरला. तो मी धरला. लेक प्यायली.

सिस्टरला म्हटलं, आत या, बसा.